कैवाऱ्यांची गर्दी

हॉलिवूडचे नट-नटी जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचं लग्न टिकलं जेमतेम पंधरा महिने. त्यानंतरचं भांडण सहा वर्षांहून जास्त चाललं आणि त्यात ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा कोट्यवधी लोकांनी उडी घेतली. फेब्रुवारी २०१५मध्ये लग्न, मे २०१६मध्ये घटस्फोटाचा अर्ज, पाठोपाठ मारहाणीचा आरोप आणि लॉस एंजेलिसच्या कोर्टाने तिला दिलेला तात्पुरता संरक्षण आदेश. पुढे दोन देशांत दोन खटले झाले. दोन्ही अब्रुनुकसानीचे आणि दोन्ही त्याने भरलेले. लंडनमध्ये २०२०मध्ये तो हरला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २०२२मध्ये जिंकला. पहिला निकाल बहुतेकांना आठवतही नाही. दुसरा निकाल लागायच्या आधीच ‘जस्टिस फॉर जॉनी डेप’ या हॅशटॅगखालचे व्हिडिओ टिकटॉकवर दीड हजार कोटींहून जास्त वेळा पाहिले गेले होते. तिच्या बाजूच्या हॅशटॅगचा आकडा काही कोटींतच राहिला.

आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. मावशीची उभी हयात पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करण्यात गेली. धाकटा भाऊ व्हिडिओ एडिटर. २०२२च्या एप्रिल-मेमध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या कोर्टातलं थेट प्रक्षेपण त्याने रात्री जागून पाहिलं. दोघांना समोरासमोर बसवून मी त्यांचं बोलणं टिपून घेतलं. जिथे दोघं पुराव्याच्या तपशिलात गुंतून पडली तिथे कात्री लावली आहे. मला स्वतःला मावशीचं म्हणणं जास्त पटतं, हेही आधीच सांगून टाकते.

धाकटा: मावशी, आढेवेढे न घेता सांग. डेप निर्दोष आहे की नाही?

मावशी: हा प्रश्न कुठल्याच कोर्टापुढे नव्हता. त्याच्यावर फौजदारी खटला कधी चाललाच नाही. ‘द सन’ या वर्तमानपत्राने त्याला बायकोला मारणारा म्हटलं, ते खरं की खोटं, एवढंच लंडनच्या न्यायाधीशांना ठरवायचं होतं. तिने डिसेंबर २०१८मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये एक लेख लिहिला, त्यात त्याचं नाव नव्हतं. त्या लेखाने त्याची बदनामी झाली का, हे व्हर्जिनियाच्या ज्यूरीने ठरवलं. तुझ्या त्या गर्दीला मात्र वाटत होतं की एका निरपराध माणसाला फाशीच्या दोरापासून वाचवायचंय.

धाकटा: तुरुंग नसेल, पण त्याची कामं गेली. ‘फँटास्टिक बीस्ट्स’ या चित्रपटमालिकेतून काढलं. ‘पायरेट्स’ गेला.

मावशी: ‘फँटास्टिक बीस्ट्स’ सोडायला त्याला सांगितलं गेलं ते लंडनच्या निकालानंतर. निकाल २ नोव्हेंबर २०२०चा, आणि चार दिवसांत त्यानेच जाहीर केलं. न्यायमूर्ती निकोल यांनी १२९ पानांचं निकालपत्र लिहिलं, मारहाणीचे चौदा प्रसंग एकेक करून तपासले आणि त्यातले बारा सिद्ध झाले असं म्हटलं. त्यानंतर स्टुडिओ म्हणाला, बाबा, आता नको. याला आरोपावरून काम जाणं म्हणत नाहीत.

धाकटा: त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी असंही लिहिलं होतं की, घटस्फोटाचे सत्तर लाख डॉलर तिने दान केले, मग ती पैशासाठी हे करतेय असं कसं म्हणणार? आणि पुढे निघालं काय? पूर्ण पैसे दिलेच नव्हते! व्हर्जिनियात दान घेणाऱ्या संस्थेच्याच माणसाने साक्ष दिली की पूर्ण रक्कम आलेली नाही. टीव्हीवर मात्र ती सगळे दिले म्हणून सांगून बसली होती. लोक भडकले ते यावर. बाईवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांनी तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि ती टीव्हीवर खोटं बोललेली निघाली.

मावशी: त्या बाबतीत तिचं चुकलं, आणि वकील म्हणून सांगते, असा साक्षीदार माझा असता तर मी डोकं धरून बसले असते. पण हाच मुद्दा घेऊन डेपचे वकील लंडनच्या अपील कोर्टात गेले होते. मार्च २०२१मध्ये कोर्टाने परवानगी नाकारली. दानाचं खरं असो की खोटं, त्या बारा प्रसंगांच्या निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही, असं कोर्टाचं मत पडलं. पैशाबाबत खोटं बोललेल्या बाईला मार पडलेला असू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका काही सतीसावित्री नसतात रे. कुणी उत्पन्न लपवते, कुणी सासूबद्दल तिखटमीठ लावून सांगते. म्हणून पाठीवरचे वळ खोटे ठरत नाहीत.

धाकटा: मग त्या दोघांच्या संभाषणाची ती रेकॉर्डिंग? तिच्याच तोंडून, आपण मारलं म्हणून. आणि वर त्यालाच आव्हान, की सांग जगाला, तू पुरुष असून मार खाल्लास, बघू कोण ऐकतं. आम्ही ऐकलं. हेच तर झालं. त्याला कुणी ऐकणार नाही असं ती म्हणाली आणि कोट्यवधी लोकांनी ऐकलं.

मावशी: रेकॉर्डिंग मीही ऐकली आहे. त्यात ती चांगली दिसत नाही. आता त्याने २०१३मध्ये पॉल बेटनी या मित्राला पाठवलेले मेसेज घे. तिला जाळायच्या, बुडवायच्या गोष्टी. तेही कोर्टात वाचले गेले. त्यावर किती रील निघाल्या?

धाकटा: कमी.

मावशी: का?

(इथे धाकटा जरा वेळ बोलला नाही. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या धंद्यातलं आहे आणि मला या सगळ्या वादातलं ते सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून जवळजवळ त्याच्याच शब्दांत देते.)

धाकटा: त्याचं कारण सरळ आहे. आठ तासांच्या सुनावणीतून चाळीस सेकंद काढायचे असतात. पहिल्या तीन सेकंदांत बोट थांबलं नाही तर व्हिडिओ मेला. डेप कठड्यात बसून हसवतो. वकिलाने विचारलं, ‘मेगापिंट’ वाइन ओतलीत ना, तर हा त्या शब्दाची अशी काही मजा करतो की झालं, टी-शर्टसुद्धा निघाले. ती रडते. रडणं पूर्ण दाखवलं तर लोक पुढे सरकतात. रडता रडता ती क्षणभर थांबली, तेवढंच कापून खाली ‘अश्रू कुठे गेले?’ लिहिलं की लाखात व्ह्यूज. मग दुसरा तेच करतो, तिसराही तेच. तिच्या बाजूने कुणी व्हिडिओ टाकला तर शिव्यांचा पाऊस आणि व्ह्यूज शून्य. चॅनेल चालवणाऱ्याला काय परवडतं? भारतात टिकटॉक जून २०२०पासून बंद आहे, तरी आपल्याकडे हे सगळं यूट्यूबवर आणि इन्स्टावर येऊन धडकलंच. कुणी कट केला नाही, मावशी. ज्याला जे खपताना दिसलं ते त्याने बनवलं.

मावशी: म्हणजे न्याय मागणाऱ्यांच्या मोर्च्यात भजीवाले जास्त होते.

धाकटा: होते. पण भजीवाले होते म्हणून मोर्चा खोटा होतो का? त्या कोर्टाबाहेर पहाटेपासून रांगेत उभे राहणारे लोक पैशासाठी आलेले नव्हते. एक बाई तर त्याला हसू यावं म्हणून दोन अल्पाका घेऊन आली होती.

मावशी: लोकरीची जनावरं! घरगुती हिंसेच्या खटल्याला. बरं, ती बाई बिचारी भाबडी असेल. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिने साक्षीत सांगितलं, त्याने मला थप्पड मारली, मग पुन्हा मारली. तो आवाज उचलून जोडप्यांनी रील केल्या. नवरा मारल्याचा अभिनय करतो, बायको पडल्याचा, आणि खाली हसणारे चेहरे. समज, ती शंभर टक्के खोटं बोलत होती. तरी बायको मार खाऊन पडते यात हसण्यासारखं काय आहे? आणि त्याच रील करणाऱ्यांचा दावा काय, तर आम्ही घरगुती हिंसेच्या बळीच्या बाजूने उभे आहोत.

धाकटा: ते वाईट होतं. त्याची बाजू मी घेत नाही. पण समर्थन म्हणजे फक्त तेवढंच नव्हतं. एका मेकअप कंपनीचं बघ. तिच्या वकिलाने कोर्टात एक कन्सीलरची डबी दाखवली, अशा डबीने ती मारहाणीचे डाग झाकायची म्हणून. ‘मिलानी’ कंपनीने टिकटॉकवर सांगितलं की आमची ही डबी बाजारात आलीच २०१७मध्ये, म्हणजे लग्न मोडल्यावर. हे लोकांनीच शोधून काढलं.

मावशी: वकिलाने ती डबी नमुना म्हणून दाखवली होती. हीच ती डबी, असा पुरावा म्हणून ती दाखल केली नव्हती. कोर्टात असा नमुना आम्ही रोज दाखवतो. पण लिपस्टिक विकणाऱ्या कंपनीला एका बाईच्या मारहाणीच्या खटल्यात जाहिरातीची संधी दिसते, आणि तू म्हणतोस लोकांनी शोध लावला.

धाकटा: ठीक. मग कायद्याचंच बोलू. इंग्लंडमध्ये, छापलेलं खरं आहे हे वर्तमानपत्राने सिद्ध करायचं असतं. अमेरिकेत उलट. १९६४च्या सलिव्हन निकालातून आलेल्या कसोटीमुळे नामवंत माणसाला अब्रुनुकसानी सिद्ध करणं महाकठीण आहे. लिहिणाऱ्याला आपण खोटं लिहितोय हे माहीत होतं किंवा खऱ्याखोट्याची त्याला फिकीरच नव्हती, इथपर्यंत दाखवावं लागतं. ते त्याने सात जणांच्या ज्यूरीपुढे दाखवलं. तिची जी तीन विधानं दाव्यात होती त्या तिन्हींवर जिंकला. अवघड परीक्षेत जो पास झाला त्याला सोप्या परीक्षेचे मार्क का दाखवतेस?

(हा मुद्दा मावशीने उडवून लावला नाही. धाकट्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि हर्डच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ लोक तो टाळून पुढे जातात.)

मावशी: बिनतोड आहे, मान्य. तो निकाल कायदेशीर आहे, आणि कुणी तिच्या बाजूने आहे म्हणून तो रद्द होत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. न्यायाधीश कारणं लिहितो, ती वाचून तू त्याच्याशी भांडू शकतोस. ज्यूरी फॉर्मवर हो किंवा नाही लिहिते आणि घरी जाते. दुसरं, त्याच ज्यूरीने तिलाही वीस लाख डॉलर दिले. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मिळून पोलिसांसमोर बनाव रचला, असं डेपचा वकील म्हणाला होता. ते विधान बदनामीकारक ठरवून. हे तुझ्या रीलमध्ये आलं होतं का?

धाकटा: बातमीत आलं होतं.

मावशी: बातमीत. आणि ज्यूरी सहा आठवडे रोज रात्री घरी जात होती. न्यायाधीश बाई रोज बजावत होत्या की काही वाचू नका, बघू नका. त्यांनी बघितलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण घरात बायको आहे, मुलं आहेत, हातात फोन आहेत आणि गावभर हीच चर्चा. मुंबईने हे एकदा भोगलंय. १९५९मध्ये नौदलातल्या कमांडर नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने त्याला नायक केलं, कोर्टाबाहेर गर्दी लोटली, रस्त्यावर नानावटीच्या नावाची खेळण्यातली रिव्हॉल्व्हरं विकली गेली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांनी तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे त्याला जन्मठेप झाली. नंतर राज्यपालांची माफी मिळाली ती वेगळी. आपल्याकडे ज्यूरी पद्धत बंद झाली, त्यामागच्या कारणांत हे नाव नेहमी घेतलं जातं. तेव्हा गर्दीपाशी एक साप्ताहिक होतं. आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे.

धाकटा: म्हणजे कोर्टाची दारं बंद करायची? बंद दाराआड काय चालतं तेही तुला माहीत आहे. आम्ही सगळी सुनावणी पाहिली म्हणून तर मत बनवू शकलो. तुझ्या लंडनच्या खटल्यात कॅमेराच नव्हता.

मावशी: पत्रकार होते. कोर्ट उघडं होतं. उघडं कोर्ट आणि टीव्हीवरची मालिका यात फरक आहे. व्हर्जिनियात कॅमेऱ्याला तिच्या वकिलांनी विरोध केला होता, तो फेटाळला गेला. आणि सगळी सुनावणी पाहिली म्हणतोस ते तू. तुझ्या मित्रांनी किती पाहिली?

धाकटा: क्लिप्स पाहिल्या.

मावशी: शिवाय ‘अ‍ॅक्वामॅन’ या चित्रपटमालिकेतून तिला काढा म्हणून चाळीस लाखांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या. ती मोहीम खटल्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. पुरावा यायच्या आधी शिक्षा ठरली होती. खटला आला तो त्यावर शिक्का मारायला.

धाकटा: तू फार एकतर्फी मांडतेस. माझा एक मित्र आहे, नाव सांगत नाही. बायको त्याला मारायची. भांडी फेकून मारायची, एकदा डोक्याला टाके पडले. हा खटला चालू असताना तो पहिल्यांदा आमच्याशी बोलला. डेपमुळे बोलला. तोपर्यंत आम्ही त्याची चेष्टाच करायचो. तुझा २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा त्याच्यासाठी काय करतो?

मावशी: काही नाही. त्या कायद्यात पीडित म्हणजे बाईच. त्याला घटस्फोट हवा असेल तर क्रूरता हे कारण आहे, दुखापतीची फिर्याद आहे, पण संरक्षण आदेश, राहतं घर हे काही नाही. असे नवरे माझ्यासमोरही बसलेत. पाच मिनिटं हवापाण्याचं बोलतात आणि उठून जातात. लाज वाटते त्यांना. तुझा मित्र बोलला हे चांगलंच झालं. पण मला सांग, त्या दीड हजार कोटींमधून अशा पुरुषांसाठी एखादी हेल्पलाइन उभी राहिली? कायद्यात दुरुस्ती मागणारं एक निवेदन निघालं? गर्दी एका श्रीमंत नटासाठी जमली, तो जिंकल्यावर पांगली. तुझ्या मित्राला वकील लागला तेव्हा ती गर्दी कुठे होती?

धाकटा: वकील मी शोधून दिला.

मावशी: तेच म्हणतेय. तू दिलास.

(निकालानंतर समर्थकांनीच पैसे भरून खटल्यातली न उघडलेली हजारो पानं खुली करून घेतली. तिचं आणखी पितळ उघडं पडेल या आशेने. त्यातून डेपच्या बाजूला न शोभणारंही बरंच बाहेर आलं आणि चर्चेचा सूर थोडा पालटला. पानं कोर्टातच होती, कुणाला वाचायची नव्हती. हे दोघांनाही सांगितलं तेव्हा दोघंही हसली, वेगवेगळ्या कारणांनी.)

धाकटा: शेवटी तिनेच माघार घेतली ना? अपील सोडलं, दहा लाख डॉलरवर मिटवलं.

मावशी: डिसेंबर २०२२मध्ये, आणि त्यात आपण कुठलीही कबुली देत नाही असं सांगून. भरपाई मूळ दीड कोटीची होती, राज्याच्या कायद्यातल्या मर्यादेमुळे ती एक कोटी साडेतीन लाखांवर आली, आणि शेवटी दहा लाख. तो मे २०२३मध्ये कान महोत्सवाच्या पहिल्या दिवशीच्या चित्रपटात होता, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याचं बरं झालं. तिचंही होईल, दोघंही पैसेवाली माणसं. मला काळजी दुसरीची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल म्हणतो, आपल्याकडे शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के कुठेतरी मदत मागतात. २०२२च्या त्या मे महिन्यानंतर माझ्याकडे एक मुलगी आली. तिच्याकडे डागांचे फोटो होते. ती म्हणाली, मॅडम, हे दाखवायचे नाहीत. मी म्हटलं का? म्हणाली, लोक मेकअप म्हणतील. तिने डेपचा चित्रपटसुद्धा पाहिलेला नव्हता. फक्त रील पाहिल्या होत्या.

धाकटा: त्याला मी जबाबदार नाही.

मावशी: एकटा नाहीस.

धाकट्याचं मत बदललेलं नाही. त्याला अजूनही वाटतं की व्हर्जिनियात सत्य जिंकलं, आणि ज्यूरीचा निकाल त्याच्या बाजूला असल्याने त्याला तसं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. माझं मत असं की डेप खरा असो वा हर्ड, त्या गर्दीने कैवार कुणाचाच घेतला नाही. डेपला गर्दीची गरज नव्हती, त्याच्यापाशी उत्तम वकील होते. जिला किंवा ज्याला गरज होती, त्याला गर्दीने तोंड उघडण्याआधी दहादा विचार करायला शिकवलं.

म्हणून जाताना एक कामाची गोष्ट, मावशीने मुद्दाम लिही म्हणून सांगितलेली. तुमच्या ओळखीत कुणी तक्रार करावी की नाही या विचारात असेल आणि चव्हाट्यावर येण्याच्या भीतीने थांबली असेल, तर तिला सांगा: कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११प्रमाणे दोघांपैकी कुठल्याही एका पक्षाने मागणी केली तर तिथलं कामकाज बंद दाराआड चालवावंच लागतं, आणि ही मागणी पुरुषही करू शकतो. २००५च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज असेल तर कलम १६प्रमाणे तशी विनंती करता येते. तिथे ती मान्य करणं मॅजिस्ट्रेटच्या हातात असतं. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. आणि फोटो काढले असतील तर ते पुसू नका.